ठरावीक पगार म्हणजे ओव्हरटाइम नाही, हे खरे आहे का? शुक्रवारपर्यंत सही मागितली आहे

सावनी_एडिसन (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते. माझे यजमान एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आहेत. मी एच-फोरच्या (एच-वनवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसाच्या) ईएडीवर, म्हणजे काम करण्याच्या परवान्यावर, एका लहान आयटी सेवा कंपनीत बावीस महिने काम केले आणि तीन महिन्यांपूर्वी ती नोकरी सोडली. ऑफर लेटरवर माझे पद 'सिस्टीम्स अ‍ॅनालिस्ट' असे होते आणि वार्षिक पगार ६२,४०० डॉलर, म्हणजे आठवड्याला १,२०० डॉलर, ठरला होता. काम मात्र पदाच्या नावासारखे मुळीच नव्हते. ग्राहक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे फोन आणि तिकिटे (संगणकावर नोंदवलेल्या तक्रारी) घ्यायची, पासवर्ड बदलून द्यायचे, व्हीपीएन आणि प्रिंटरच्या तक्रारी सोडवायच्या, नव्या लॅपटॉपवर ठरलेली सॉफ्टवेअर टाकून द्यायची, आणि लेखी सूचनांमध्ये न बसणारी अडचण आली की ती वरच्या टीमकडे पाठवायची, इतकेच माझ्या हातात होते.

कार्यालयाची वेळ नऊ ते सहा होती, परंतु रात्री जेवणे आटोपल्यावर घरून तिकिटे सोडवावी लागत आणि एक आड एक शनिवारी माझी पाळी असे. सरासरी आठवड्याला ५२ तास काम होई. कंपनीत हजेरी नोंदवण्याची पद्धतच नव्हती. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटींमध्ये दुधाच्या हिशेबाशेजारी रोजचे तास लिहून ठेवत असे. ओव्हरटाइमबद्दल विचारले तेव्हा 'तुम्ही सॅलरीड आहात, तुम्हाला तो लागू नाही' असे उत्तर मिळाले, आणि पुढे दोन-चार वेळा कॉम्प-ऑफ (जादा कामाच्या बदल्यात सुटी) देऊन विषय मिटवण्यात आला.

आता मी ईमेलने पुन्हा विचारणा केल्यावर कंपनीने ३,५०० डॉलरचा धनादेश देऊ केला आहे आणि त्यासोबत 'माझा कंपनीवर कोणताही दावा उरलेला नाही' अशा आशयाच्या कागदावर शुक्रवारपर्यंत सही मागितली आहे. मालकांचे म्हणणे खरे आहे का, सही करावी का, आणि तक्रार केल्यास यजमानांच्या व्हिसाला काही बाधा येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पेरोलवाले_काका

सावनीताई, मी वकील नाही, परंतु एका मध्यम आकाराच्या कंपनीत अठरा वर्षे पगारपत्रके करतो आहे आणि 'सॅलरीड आहे म्हणून ओव्हरटाइम नाही' हे वाक्य मी ज्या आत्मविश्वासाने बोलले जाताना ऐकले आहे तितका आत्मविश्वास कायद्यात कोठेही दिसत नाही.

येथील संघीय कायदा म्हणजे १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट. त्याचा मूळ नियम असा की आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त काम झाले तर वरच्या प्रत्येक तासाला नियमित दराच्या दीडपट पैसे द्यावे लागतात. (आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमामुळे 'ओव्हरटाइम म्हणजे दुप्पट' असे डोक्यात बसलेले असते, येथे ते दीडपट आहे.) या नियमातून ज्यांना वगळले आहे त्यांना 'एक्झेम्प्ट' म्हणतात, आणि तुमच्यासारख्या कार्यालयीन नोकरीत तसे ठरण्यासाठी साधारणपणे तीन गोष्टी एकत्र लागतात: काम कमी-जास्त झाले तरी न बदलणारा ठरावीक पगार, तो आठवड्याला किमान ६८४ डॉलर असणे, आणि कामाचे स्वरूप कायद्याने सांगितलेल्या प्रकारचे असणे. ही ६८४ ची मर्यादा २०२४ मध्ये वाढवण्यात आली होती, पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टेक्सासमधील संघीय न्यायालयाने ती वाढ रद्द केली, त्यामुळे जुनाच आकडा कायम आहे. तुमच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी कंपनीच्या बाजूने आहेत, हे मान्य करायला हवे. खरा वाद तिसरीचा आहे.

तेथे पदाचे नाव काहीही असले तरी उपयोग नसतो. कंपनी बहुधा दोन सवलतींपैकी एकीचा आधार घेईल. संगणक कर्मचाऱ्यांच्या सवलतीत प्रणालींचे विश्लेषण, रचना, विकास, प्रोग्रॅमिंग असे काम मुख्य असावे लागते. प्रशासकीय सवलतीत व्यवसायाच्या चालवण्याशी थेट संबंध असलेले काम आणि महत्त्वाच्या बाबींमध्ये स्वतःच्या निर्णयशक्तीचा वापर असावा लागतो. पासवर्ड बदलणे, ठरलेली सॉफ्टवेअर टाकणे आणि सूचनापुस्तिकेबाहेरचे सगळे वर पाठवणे हे यांपैकी कशातच बसत नाही. अमेरिकेच्या श्रम खात्याने २००६ मध्ये आयटी सपोर्टच्या अशाच एका पदाबद्दल लेखी मत दिले आहे, आणि त्या कर्मचाऱ्याला या सवलती लागू होत नाहीत असेच त्यात म्हटले आहे. शिवाय सवलत लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, तुमच्यावर नाही. पुराव्याचे वजन नेहमीच्या दिवाणी दाव्याइतकेच लागते, त्याहून जास्त नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. तो निकाल मालकांना सोयीचा होता हे खरे, तरी जबाबदारी त्यांच्याकडून हललेली नाही.

कॉम्प-ऑफबद्दल एक गोष्ट. पुण्याच्या आयटी कंपन्यांतून आलेल्या आपल्या लोकांना तो अगदी स्वाभाविक वाटतो, परंतु येथे खासगी मालकाला ओव्हरटाइमच्या पैशांऐवजी पुढच्या एखाद्या आठवड्यात सुटी देऊन मोकळे होता येत नाही. ती मुभा शासकीय संस्थांना आहे, आणि तीही मर्यादेत. कंपनीने कॉम्प-ऑफ दिला याचा दुसरा अर्थ असा की तुम्ही जास्त तास काम करत होता हे तिला ठाऊक होते. ते ईमेल जपून ठेवा.

वास्तव_पाहा

कागदावर सगळे ठीक आहे, पण व्यवहार पाहावा. हजेरीची नोंद नाही, ऑफर लेटरमध्ये लवादाची अट (वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादापुढे नेण्याची) असणारच, पती एच-वनवर आहेत, आणि वकील तासाला शेकडो डॉलर घेतील. ३,५०० डॉलर हातात येत आहेत ते घ्यावेत आणि पुढे जावे. कालनिर्णयवर लिहिलेले तास न्यायालयात कोण मानणार?

जुना_वाचक_ट्रेंटन

वरचा प्रतिसाद तळमळीने लिहिलेला असेल, परंतु त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम कालनिर्णय. तासांची नोंद ठेवणे हे कायद्याने मालकाचे काम आहे, कर्मचाऱ्याचे नाही. मालकाने ती ठेवलीच नसेल तर काय करायचे, हा प्रश्न १९४६ मध्ये अँडरसन विरुद्ध माउंट क्लेमेन्स पॉटरी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने सांगितले की अशा वेळी कर्मचाऱ्याने आपण काम केले आणि त्याचे साधारण प्रमाण किती होते हे वाजवी अनुमान काढता येईल इतक्या पुराव्याने दाखवले की पुरे. मग अचूक आकडा दाखवणे किंवा ते अनुमान चुकीचे ठरवणे हे मालकाने करायचे असते. आपल्या कर्तव्यात कसूर करणाऱ्यानेच 'तुमच्याकडे नेमका हिशेब कुठे आहे' असे विचारून सुटू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे. रोजच्या रोज, दुधाच्या लिटरांशेजारी लिहिलेले तास हे नोकरी सोडल्यावर बसून तयार केलेल्या तक्त्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहेत. त्यांना जोड म्हणून रात्री पाठवलेले ईमेल, फोनमधील कॉलची यादी, स्वतःच्या खात्यावरचे संदेश गोळा करावेत. ग्राहकांचा किंवा कंपनीचा गोपनीय मजकूर मात्र उचलून आणू नये. तिकिटांच्या प्रणालीतल्या वेळेच्या नोंदी वकील रीतसर मागवू शकतात, आणि त्या नष्ट करू नयेत असे पत्र आधीच पाठवता येते.

आता रक्कम, कारण ३,५०० हा आकडा कुठून आला याचे उत्तर येथे दडलेले आहे. तुमचा १,२०० डॉलरचा पगार ४० तासांसाठी होता असे धरले तर तासाचा दर ३० डॉलर, दीडपट ४५, आणि आठवड्याच्या १२ जादा तासांचे ५४० डॉलर होतात. उलट तो पगार जितके तास काम पडेल त्या सगळ्यांसाठी होता असे कंपनीने सिद्ध केले, तर १,२०० भागिले ५२ म्हणजे सुमारे २३ डॉलर दर येतो, मूळ दर आधीच दिला गेला असे मानले जाते आणि फक्त वरचा अर्धा भाग, आठवड्याला साधारण १३८ डॉलर, देणे उरते. सुट्या वगळून ९० आठवडे धरले तर पहिल्या हिशेबाने ४८,६०० आणि दुसऱ्याने सुमारे १२,५०० डॉलर होतात. न्यायालयांमध्ये यावर मतभेद आहेत, म्हणून ऑफर लेटरमध्ये 'आठवड्याला ४० तास' असे शब्द आहेत का हे आधी पाहा; त्या एका वाक्यावर बराच फरक पडू शकतो. देऊ केलेली रक्कम कंपनीला सर्वांत सोयीच्या हिशेबाच्याही एक तृतीयांशापेक्षा कमी आहे.

आणि ही झाली केवळ थकबाकी. संघीय कायद्यानुसार थकबाकीइतकीच आणखी रक्कम भरपाई म्हणून मिळते. आपण सद्‌हेतूने आणि वाजवी आधारावर वागलो हे मालकाने पटवून दिले तरच न्यायालय ती कमी करू शकते. दावा जिंकल्यास कर्मचाऱ्याच्या वकिलाची वाजवी फी मालकाने द्यायची असते, त्यामुळे या क्षेत्रातले अनेक वकील आगाऊ पैसे न घेता प्रकरण हाती घेतात. तासाला शेकडो डॉलरची भीती येथे गैरलागू आहे.

मुदतीबाबत मात्र घाई आवश्यक आहे. संघीय दाव्याची मुदत दोन वर्षे असते. मालकाने जाणूनबुजून किंवा कायद्याची बेफिकिरी दाखवत उल्लंघन केले असे सिद्ध झाले तर तीन. ही मुदत नोकरी सुटल्यापासून मोजली जात नाही, प्रत्येक पगाराच्या दिवसापासून वेगवेगळी मोजली जाते. बावीस महिने नोकरी आणि नंतरचे तीन महिने मिळून पंचवीस झाले, म्हणजे दोन वर्षांच्या हिशेबाने तुमचा पहिला महिना आताच हातचा गेला आहे आणि दर पगारासरशी आणखी एक तुकडा गळतो आहे. श्रम खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजन या वेतनाच्या तक्रारी पाहणाऱ्या विभागाकडे तक्रार केल्याने हे घड्याळ थांबत नाही, ते न्यायालयात दावा दाखल झाल्यावरच थांबते. सुदैवाने तुम्ही न्यू जर्सीत आहात. संघीय कायदा हा तळ आहे, छप्पर नव्हे; राज्याला त्याहून अधिक देता येते, आणि न्यू जर्सीने ऑगस्ट २०१९ पासून ही मुदत सहा वर्षे केली आहे, तर भरपाई थकबाकीच्या २०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हेच प्रकरण टेक्सासमध्ये असते तर सल्ला बराच वेगळा द्यावा लागला असता.

व्हिसाबद्दल: तुमच्या कंपनीचा आणि यजमानांच्या एच-वनचा काही संबंध नसेल, तर वेतनाच्या दाव्याने त्यांच्या याचिकेला बाधा येण्याचे कारण नाही. मुळात हा कायदा काम केलेल्या तासांकडे पाहतो, कागदपत्रांकडे नाही. १९८८ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने पटेल विरुद्ध क्वालिटी इन साउथ या प्रकरणात व्हिसाची मुदत संपूनही अलाबामातील हॉटेलात काम करणाऱ्या भारतीय माणसालाही या कायद्याचे संरक्षण आहे असे ठरवले. तुमच्याकडे तर वैध ईएडी आहे. तक्रार केली म्हणून धमकी देणे, त्यात इमिग्रेशनची धमकीही आली, हे स्वतंत्र उल्लंघन ठरते, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोंडी तक्रारीलाही हे संरक्षण दिले आहे.

लवादाची अट असेल तर ती खरी अडचण आहे. २०१८ च्या एपिक सिस्टीम्स विरुद्ध लुईस निकालानंतर अशा अटी एकत्रित दाव्यांनाही रोखतात. तरी लवादापुढे कायदा तोच असतो आणि हक्कही तेच असतात.

कढईतून_सुटलेला

मी या प्रकरणातला कायदा जाणत नाही, पण सहीबद्दल एक अनुभव सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका भारतीय उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात होतो. नाव लिहीत नाही. आठवड्याचे सहा दिवस, सुमारे ६५ तास काम होते आणि ठरलेली रक्कम रोख मिळे. मी वेज अँड अवर डिव्हिजनकडे गेलो. तक्रारीला पैसे लागत नाहीत आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवतात. चौकशी झाली, हिशेब झाला, आणि थकबाकीचा धनादेश आला. सोबत डब्ल्यूएच-५८ नावाची पावती होती. मी ती पोस्टमनच्या रजिस्टरवर करतात तशी सही करून परत पाठवली. नंतर एका ओळखीच्या वकिलांनी सांगितले की ती पैसे मिळाल्याची नुसती पोच नव्हती. ती सही करून पैसे स्वीकारले की त्या काळासाठी संघीय कायद्याखाली स्वतः दावा करण्याचा हक्क, आणि त्यासोबतची तितकीच भरपाई, दोन्ही सोडून दिली जातात. हे सगळे त्या कागदावर स्पष्ट छापलेले होते. मी वाचले नव्हते, इतकेच.

विभागाने खूप मदत केली आणि मला तेव्हा पैशांची निकड होती, त्यामुळे खंत फारशी नाही. पण सावनीताई, तुमच्या हातातला कागद तर मालकानेच तयार केलेला आहे.

जुना_वाचक_ट्रेंटन

कढईतून_सुटलेला यांनी नेमका मुद्दा काढला. जून २०२५ पासून तर विभागाने दाव्यापूर्वीच्या तडजोडींमध्ये ही जादा भरपाई मागणेच थांबवले आहे, त्यामुळे विभागाचा मार्ग आणि वकिलाचा मार्ग यांतला फरक आता आणखी वाढला आहे. लहान रक्कम असेल, मालक अजून चालू नोकरीतला असेल किंवा अनेक कामगारांचा प्रश्न असेल, तर विभागाकडे जाण्याचे फायदे आहेतच. सावनीताईंच्या आकड्यांना मात्र आधी वकील योग्य वाटतो.

मालकाच्या कागदाबद्दल सावधपणे लिहितो. किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा संघीय हक्क कर्मचारी आपणहून सोडू शकत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्येच मांडले आहे, आणि म्हणून अनेक न्यायालये विभागाच्या किंवा न्यायाधीशांच्या देखरेखीशिवाय झालेले असे हक्कसोडपत्र मान्य करीत नाहीत. परंतु खरोखर वादग्रस्त असलेल्या तासांवरची खासगी तडजोड टिकते असे म्हणणारी न्यायालयेही आहेत, आणि त्या कागदात राज्याच्या कायद्याखालचे व इतर दावेही गुंडाळलेले असतील. 'नाहीतरी ते रद्दच ठरेल' या भरवशावर सही करून पैसे घेणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. शुक्रवारची मुदत कायद्याने घातलेली नाही, कंपनीने घातलेली आहे.

सावनी_एडिसन

सर्वांचे मनापासून आभार. ऑफर लेटर काढून पाहिले. 'पगार आठवड्याच्या ४० तासांच्या पूर्णवेळ कामासाठी' असे दुसऱ्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. लवादाची अट कुठेच सापडली नाही. कंपनीला 'कागद तपासून घेत आहे, तूर्त सही करीत नाही' इतकेच एका ओळीत कळवले आहे आणि बुधवारी एका वकिलांशी बोलणे ठरले आहे.

एक शंका उरली आहे. शनिवारच्या पाळीत मी दिवसभर घरीच असे, परंतु प्रत्यक्ष फोन पाच-सहाच येत. कालनिर्णयवर मी काही शनिवारी 'आठ तास' लिहिले आहे आणि काही शनिवारी फक्त फोनचे तास. आता यांतले खरे कोणते धरायचे?

पेरोलवाले_काका

हा प्रश्न बुधवारी तुमच्याआधी वकीलच विचारतील, म्हणून उत्तर तयार ठेवा. कायदा येथे पाहतो की तुम्ही वाट पाहण्यासाठीच नेमलेल्या होता, की काम येईपर्यंत स्वतःच्या वेळेच्या मालक होता. फोन वाजल्यावर किती मिनिटांत लॅपटॉपसमोर बसणे बंधनकारक होते? बाजारात, देवळात, मुलांच्या खेळाला जाता येत होते का? उशीर झाला तर बोलणी बसत होती का? पंधरा मिनिटांत उत्तर द्यायचे आणि दिवसभर घर सोडायचे नाही अशी सक्ती असेल, तर पूर्ण आठ तास मागता येण्याजोगे आहेत. फोन जवळ ठेवून कुठेही फिरता येत असेल, तर साधारणपणे फोनवर आणि त्यानंतरच्या कामात गेलेला वेळच धरला जातो. तो घरून केला म्हणून कमी होत नाही.

कोणते शनिवार कोणत्या प्रकारचे होते हे आठवून वेगळ्या कागदावर आजची तारीख घालून लिहा. कालनिर्णयच्या चौकटीत मात्र आता एक अक्षरही वाढवू किंवा खोडू नका. सगळी पाने आहेत तशी, दुधाच्या हिशेबासकट, स्कॅन करा.

सावनी_एडिसन

पंधरा मिनिटांचा नियम होता, आणि तो व्यवस्थापकांच्या ईमेलमध्ये लेखी आहे. पाने आज रात्री स्कॅन करते. एप्रिलच्या पानावर हळदीचा डाग आहे, तोही तसाच ठेवते.